गफूरभाईंचा चालता बैल

गफूरभाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते माझ्या गॅलरीच्या कठड्याला बाहेरून लोंबकळत होते. दिग्रसच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात माझी बदली झाली होती. सामान आदल्याच दिवशी येऊन पडलं होतं. सकाळी सातला गॅलरीचं दार उघडते तो समोर एक पांढरी दाढी, तोंडात दाबलेल्या तारा बांधायच्या चार प्लास्टिकच्या पट्ट्या आणि कठडा घट्ट धरलेला एक हात. मी किंचाळले. त्यांनी शांतपणे पट्ट्या काढून खिशात ठेवल्या.

"घाबरू नका डाक्टरबाई. घरमालक हाय मी. तुमी चहा घ्या, माहं चालू द्या."

जागा मी भाभींशी, म्हणजे त्यांच्या बायकोशी बोलून ठरवली होती. मालकांची अट मला आता कळली. गॅलरी माझी, कठडा त्यांचा. रस्त्यावरून सगळ्यात चांगला दिसतो तो हाच कठडा, त्यामुळे जे काही नवं बनवायचं ते आधी इथं टांगून पाहायचं. पुढची चार वर्षं माझ्या ओल्या साड्यांच्या शेजारी कधी मोर पिसारा फुलवत होता, कधी कलश भरत होता, कधी चंद्रकोर उगवून पुन्हा मावळत होती. गावात माझा पत्ता सांगायची गरज उरली नाही. लोक म्हणत, "ते लुकलुक घर नाई का, तिथं ढोरांच्या डाक्टरीण राह्यतात."

धंदा त्यांचा मोटार वायंडिंगचा. विहिरीवरची जळलेली मोटार आली की उघडायची, जुनी तार उपसायची, नवी भरायची, वार्निश द्यायचं. खाली दुकान, मागे घर, वर मी. चाळीस वर्षं हे काम केल्यामुळे बोटांची टोकं तपकिरी झाली होती आणि कानाला मोटारीच्या आवाजावरून तिचं दुखणं कळत असे. पण मन सगळं रोषणाईत. बाजारातल्या तयार माळांचं त्यांना भारी वावडं. "ते तं लावनं झालं. बनवनं कुठं झालं?" ते बनवत त्या माळेतल्या प्रत्येक दिव्याला स्वतःची अक्कल असते. कोणत्या दिव्यानं कधी कोणता रंग घ्यायचा हे एका छोट्या पेटीतून सांगायचं, की मग चित्र हलू लागतं. दूरदूरच्या देशांतले लोक आपल्या घरांवर अशी रोषणाई करतात आणि तिचे व्हिडिओ टाकतात. ते पाहून गफूरभाई शिकले. त्यातली एकही भाषा त्यांना कळत नव्हती आणि त्यानं काही अडलं नव्हतं.

मग त्यांना वाटलं, हे आपल्या माणसांना मराठीत कुणी सांगायचं? म्हणून त्यांनी स्वतःचे व्हिडिओ सुरू केले. पाहणारे निघाले कोण, तर शाळामास्तर, शेतकरी, एक कटलरीवाले, एक निवृत्त कंडक्टर. दोन महिने डोळे फोडून तारा जोडायच्या आणि एका संध्याकाळी गल्लीनं "वा!" म्हणायचं, एवढ्यावर खूष असणारी ही जमात. गणपती, ईद-ए-मिलाद, नवरात्र, दिवाळी, नाताळ, सगळे सण त्यांच्या कामाचे. त्यावरून कुणी एकात्मतेबद्दल भरल्या गळ्यानं बोलू लागलं की गफूरभाई कावरेबावरे होत. सण त्यांना मुख्यतः काम संपवायची तारीख म्हणून लागत असे.

सुरुवातीला फोन भाभी धरत. पण दाराशी कुणी आलं की भाभी वळून बघत आणि फोनही त्यांच्याबरोबर वळे. एका धड्यात तार सोलायचं अर्धं काम झाल्यावर एकदम बोंबलाची टोपली घेतलेली बाई दिसते आणि भाव ठरून ती जाईपर्यंत आपण तिच्याकडेच बघत राहतो. एके रविवारी गफूरभाई जिना चढून वर आले.

"डाक्टरबाई, तुमी बैलाले सुई देता तवा हात हालते का तुमचा?"

"नाही. हलून कसं चालेल?"

"मंग चला खाली."

अशी मी कॅमेऱ्यावर लागले. दर रविवारी दहा ते एक.

त्यांचे व्हिडिओ ज्यांनी पाहिले नाहीत त्यांना ते सांगून कळणार नाहीत. पहिली दोन मिनिटं ते आकाशवाणीवर आल्यासारखे बोलत. "नमस्कार मित्रांनो, आजच्या या भागामध्ये आपण सर्वांनी मिळून..." तिसऱ्या मिनिटाला स्क्रू पिळायचा पेचकस सापडत नसे आणि मराठी मूळपदावर येई. "कुठं गेलं बे हे? आत्ताच तं होतं!" प्रत्येक धड्याचं नाव "पाच मिनिटांत" असं सुरू होई आणि एकही धडा पाऊण तासाच्या आत संपत नसे. कापाकापी त्यांना मंजूर नव्हती. शिंका, अजान, शेजारची बकरी, सगळं जसंच्या तसं. मधेच कुणी मोटार घेऊन आलं तर, "या भाऊ, बसा, व्हिडिओ चालू हाय," आणि तो भाऊ पुढचा अर्धा तास गंभीर चेहऱ्यानं मागे बसलेला दिसे. आपली चूक तर ते मुळीच काढू देत नसत. दिवा पेटला नाही की खूष होत. "पाहा, हे असं होते. आता काहून झालं ते पाहू." मी एकदा सुचवलं की निदान तोंडातल्या पट्ट्या काढून बोला. ते म्हणाले, "मंग हात कमी पडते."

माझं आणि त्यांचं एकच मोठं भांडण झालं, तेही बैलावरून.

पोळ्यासाठी त्यांनी चालता बैल करायला घेतला. आमच्या भागात पोळा म्हणजे काय ते सांगायला नको. लोखंडी पट्ट्यांच्या चौकटीवर दिव्यांचा बैल, त्याचे पाय चार वेगवेगळ्या ठेवणीत बसवलेले. एका वेळी एकच ठेवण पेटवायची, की तो पावलं टाकू लागतो. शिंगांना रंग, पाठीवर झूल, गळ्यात घागरमाळ. सगळं सुरेख होतं. फक्त मागचे पाय माणसाच्या गुडघ्यासारखे पुढे वाकत होते.

"गफूरभाई, हा बैल नमाजाला बसतोय का?"

ते चिडले. आपण जन्मभर बैल पाहत आलो, शहरातून आलेल्या बाईनं शिकवू नये, असं बरंच बोलले. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले तर कडुनिंबाखाली बाकावर गफूरभाई. दोन तास ते येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक बैलाच्या मागे वाकून बघत होते. एका मालकानं मला हळूच विचारलं, "मॅडम, हे बुवा कायले पाहून राह्यले माह्या बैलाले? घेनार हायेत का?" संध्याकाळी त्यांनी मागचे दोन्ही पाय उपटून पुन्हा बांधले. मला मात्र एवढंच म्हणाले, "काही काही बैलं तुमी म्हनता तसे असतात."

बैलाचा तो धडा गाजला. लाखाच्या पुढे लोकांनी पाहिला. त्यांचा नियम असा, की बैल चालू लागला की त्याचा फोटो पाठवायचा. तो फोटो ते छापून घेत, मागे नाव-गाव लिहीत आणि दुकानाच्या भिंतीवर चिकटवत. भिंत बैलांनी भरून गेली. फोन तर कधीही येत. एकदा कटिंगच्या दुकानात गालाला फेस लावलेल्या अवस्थेत ते दारव्ह्याच्या एका मास्तरांना समजावत होते. मास्तरांचा बैल उलटा, मागे मागे चालत होता.

"माळ उलटी जोडली तुमी गुरुजी. बाण पाहा तिच्यावरचा."

पलीकडून मास्तर काकुळतीला आले. उद्या पोळा, आता सगळं सोडवून कधी बांधू?

"मंग राहू द्या. सांगा लोकायले, पोळा फुटून बैल पांगले, घरी येऊन राह्यला तो."

पुढच्या वर्षीची गोष्ट. पोळ्याला आठ दिवस होते. तो पहिला बैल वर्षभर माझ्याच कठड्यावर होता आणि आता पुन्हा सुरू केला होता. दुपारी जेवायला घरी आले तर गॅलरीतून करपल्याचा वास. दोरीवरचा टॉवेल एका कडेनं काळा पडत चालला होता आणि त्याला टेकलेली एक बारीक तार तांबूस चमकत होती. मी मुख्य बटण बंद केलं आणि ओरडले. गफूरभाई जिना दोन दोन पायऱ्यांनी चढून आले.

माळ लांब झाली की शेवटचे दिवे मंद पडतात. म्हणून मधेच आणखी एक जोडतार आणून त्यांना ताकद द्यायची, असं त्यांनी धड्यात दाखवलं होतं. त्या जोडतारेचं प्लास्टिक खारीनं कुरतडलं होतं. आतल्या तांब्याच्या दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या आणि तार पेटायला आली. मधे फ्यूज असता तर तो उडाला असता आणि गोष्ट तिथंच मिटली असती. फ्यूज नव्हता. धड्यात ते स्वतः, माझ्याच हातातल्या फोनकडे बघून, हसत म्हणाले होते, "पाच व्होल्टाचं काम हाय, लहान लेकरालेही झटका लागत नाई. फ्यूजबीज कायले?"

ते खाली बसले. तारेचा तुकडा तळहातावर घेतला.

"आमी मोटारवाले. चारशे चाळीसले भेतो. पाच व्होल्टाले कोन इचारते? व्होल्टच पाह्यले म्या. तेवढ्या दिव्यायले करंट केवढा लागते, ते नाई पाह्यलं."

मला खरं तर त्यांना धीर द्यायचा होता. पण भिंतीवरचे फोटो माझ्या डोळ्यांसमोर आले आणि मी बोलून गेले. त्यातले किती तरी बैल गोठ्याच्या छपराला टांगलेले होते. छपरावर पऱ्हाटीच्या वाळक्या काड्या, आत कुटाराचा चारा आणि उंदीर. "गफूरभाई, आग लागली की माणूस पळतो. बैल दाव्याला बांधलेला असतो." असा जळालेला गोठा मी एकदा पाहिला होता. तिथं माझ्या औषधाच्या पेटीचा काही उपयोग झाला नव्हता. हे मी त्यांना सांगितलं.

त्याच संध्याकाळी त्यांनी तो धडा काढून टाकला. आयुष्यात त्यांना ओळख मिळाली ती त्या एका धड्यानं, पण बटण दाबायला त्यांनी क्षणभरही वेळ घेतला नाही. नंतर मात्र कपाळावर हात मारला. "हे काढून काय फायदा? ज्यायनं पाह्यलं त्यायच्या घरी तं बैल बसूनच राह्यला!"

मग त्यांनी भिंतीवरचे सगळे फोटो काढून जमिनीवर मांडले. गोठ्यावरचे एकीकडे, घरावरचे दुसरीकडे. लांबच्या लोकांना फोन. समोरच्यानं फोनवर तार दाखवायची, फ्यूज बसवायचा आणि बसवलेला पुन्हा दाखवायचा, तोवर सुटका नाही. जिल्ह्यातले मात्र त्यांनी स्वतः घेतले. डिक्कीत गाडीचे फ्यूज आणि जाड तारेची भेंडोळी घेऊन सकाळी मोपेडवर निघत, अंधार पडायच्या आत परत येत आणि झालेला फोटो भिंतीवर पुन्हा चिकटवत. दुकानात मोटारींची रांग लागली. शेतकरी ओरडू लागले तशी भाभींनी त्यांना सांगून टाकलं, "मियाँ बैलां के पीछे गए हैं।"

लोकांच्या तऱ्हा ते मला रोज सांगत. कुणी जेवायला बसवलं. कुणी हसलं, "येवढ्यासाठी आले तुमी?" दिग्रसच्याच एकानं भर चौकात झापलं, की तुमीच म्हनलं होतं ना फ्यूज कायले म्हणून. गफूरभाईंनी मान खाली घालून ऐकून घेतलं आणि त्याच्याच हातानं फ्यूज बसवून घेतला. ते कुणाकडेही स्वतः हात लावत नसत. "मी लावला तं मी गेल्यावर काय? त्यायच्या हाताले समजलं पाह्यजे." त्यामुळे एका घरात दोन दोन तास जात आणि पोळा जवळ येत होता.

पोळ्याच्या आदल्या दिवशी एकच फोटो उरला. आर्णी रोडवरच्या एका गावातल्या शोभाताईंचा. फोन लागत नव्हता आणि फोटोत बैल सरळसरळ गोठ्यावर दिसत होता. त्या दिवशी माझी रजा होती. मी माझी गाडी काढून त्यांच्यामागे निघाले. ते रस्त्यात एकदाही थांबले नाहीत. चहाची दोन हॉटेलं गेली तरी त्यांनी वळून पाहिलं नाही, यावरून मला त्यांची अवस्था कळली.

शोभाताई अंगणात ट्रॅक्टरखाली घुसून काही तरी पिळत होत्या. चाळिशीच्या, साडीवर डोक्याला ओढणी बांधलेली. नवरा बाहेरगावी नोकरीला, त्यामुळे शेती आणि ट्रॅक्टर दोन्ही त्यांच्याच अंगावर. गफूरभाईंना ओळखून त्या गडबडीनं बाहेर आल्या.

"या बाप्पा! सर, तुमी? आमच्या घरी?"

गफूरभाईंनी पाणीसुद्धा घेतलं नाही. गोठ्यावर दिव्यांचा बैल टांगलेला होता आणि खाली दोन खरे बैल, उद्यासाठी धुतलेले, शांतपणे रवंथ करत उभे होते. त्या दोघांकडे पाहत गफूरभाईंनी पाठ केल्यासारखं सगळं सांगितलं. माझी चूक झाली, तार बारीक, फ्यूज नाही, आग लागू शकते.

शोभाताईंनी ओढणीनं हात पुसले आणि गोठ्याच्या खांबावरची पेटी उघडून दाखवली. आत जाड तारा आणि प्रत्येक तारेला एक एक फ्यूज, ओळीनं बसवलेला. खालच्या टोकांना तार पत्र्याच्या नळीतून नेलेली, उंदरानं कुरतडू नये म्हणून.

गफूरभाईंनी खिशातून चष्मा काढला. एक एक फ्यूज बोटानं मोजत ते शेवटपर्यंत गेले.

"हे तुमाले कोनं सांगतलं?"

"कोन सांगन? ट्रॅक्टरची बॅटरी बाराच व्होल्टाची असते ना सर. तिले तं फ्यूज असते. मंग म्या म्हनलं, याले काहून नाई?"

"मंग मले काहून नाई सांगतलं ताई?"

शोभाताई माझ्याकडे बघू लागल्या. सांगू की नको अशा.

"लिवलं होतं ना म्या, व्हिडिओच्या खाली. तुमी लिवलं, ताई पाच व्होल्ट हाय, घाबरू नका. मंग म्या घाबरली नाई. फ्यूज लावून घेतला."

मला हसू आलं आणि मी ते दाबलं. गफूरभाईंना आलं नाही. ते दावणीजवळच्या दगडावर बसले. एका बाईनं वर्षापूर्वीच त्यांना वाचवायचा प्रयत्न केला होता आणि त्यांनी तिला दोन हात जोडलेल्या चित्रासकट वाटेला लावलं होतं. प्रत्येक धड्यात "काहून झालं ते पाहू" म्हणणारा हा माणूस, त्याला कुणी तरी खरोखरच विचारलं होतं. त्या चौकात झापून घेताना पडला नव्हता एवढा त्यांचा चेहरा आता पडला.

शोभाताई आत जाऊन चहा घेऊन आल्या. तो गफूरभाईंनी घेतला. कप खाली ठेवला, उठले आणि माझ्याकडे वळले.

"डाक्टरबाई, फोन काढा. व्हिडिओ करू."

"इथं? आत्ता?"

"इथंच. ह्या शिकवतीन."

शोभाताईंनी कानावर हात ठेवले. त्यांना बोलता येत नाही, लुगडं मळकं आहे, ट्रॅक्टरचं ग्रीस लागलंय, अशी सगळी कारणं झाली. गफूरभाईंनी ऐकलं नाही. त्यांनी शोभाताईंना पेटीसमोर उभं केलं आणि आपण खाली, शेणानं सारवलेल्या जमिनीवर मांडी घातली. मी फोन धरला.

त्यांनी ना नमस्कार घातला, ना मित्रांनो म्हटलं. वर मान करून शोभाताईंकडे पाहिलं.

"ताई, मी गफूर, दिग्रसचा. म्या सगळ्यायले सांगतलं होतं का पाच व्होल्टाले फ्यूज लागत नाई. तुमी मले इचारलं, तं म्या तुमालेच गप केलं. काय चुकलं माहं, ते मले समजावून सांगा. सावकाश सांगा."

असं म्हणून ते उत्सुकतेनं पुढे सरकले आणि पेटीतल्या एका तारेला बोट लावून म्हणाले, "ही तार कायची?"

शोभाताईंनी पदर खोचला.

"सांगतो. पन पहिले बटन बंद करून या. चालू कामात हात घालाचा नाई."

"व्हय मॅडम," गफूरभाई म्हणाले. गुडघ्यावर हात टेकून उठले, दोन्ही बैलांच्या मागून वळसा घालून गेले, बटण बंद केलं आणि येऊन पुन्हा आपल्या जागेवर बसले.